तिकिटाचा निकाल मतदानाच्या दिवशी

2014 च्या विधानसभा निवडणुकीत भंडारा जिल्ह्यातल्या तिन्ही जागा भाजपने जिंकल्या होत्या. तुमसरला चरण वाघमारे, भंडाऱ्याला रामचंद्र अवसरे आणि साकोलीला राजेश ऊर्फ बाळा काशिवार. 2019 मध्ये पक्षाने या तिघांचीही तिकिटे कापली, तीन नवे उमेदवार दिले आणि तिन्ही जागा घालवल्या. तुमसरमध्ये वाघमारे अपक्ष उभे राहिले. त्यांना पक्षाचे अधिकृत उमेदवार प्रदीप पडोळे यांच्या दुपटीहून जास्त मते पडली. दोघांची मते एकत्र केली तर ती विजयी झालेल्या राष्ट्रवादीच्या राजू कारेमोरे यांच्या मतांच्या बरीच पुढे जातात. भंडाऱ्याची जागा युतीत भाजपकडे गेली, म्हणून शिवसेनेचे माजी आमदार नरेंद्र भोंडेकर अपक्ष लढले आणि वीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. साकोलीत तेव्हाचे राज्यमंत्री परिणय फुके काँग्रेसच्या नाना पटोले यांच्याकडून सहा हजारांच्या आसपास मतांनी हरले. त्या वर्षी राज्यात वारे युतीच्या बाजूचे होते आणि अवघ्या काही महिन्यांपूर्वी याच मतदारांनी भाजपच्या सुनील मेंढे यांना जवळपास दोन लाखांच्या फरकाने लोकसभेत पाठवले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाचे वजन कळते.

अशा निकालाला आपल्याकडे 'बंडखोरीचा फटका' म्हणतात आणि विषय तिथेच संपवतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. तुमसरच्या मतदाराने त्या दिवशी एकाच बटणाने दोन प्रश्नांची उत्तरे दिली. आपल्याला भाजप हवा की राष्ट्रवादी, हा एक प्रश्न. भाजप हवा असेल तर त्याचा उमेदवार कोण, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने अगदी स्पष्ट दिले, पण ते देताना पहिल्याचे उत्तर बिघडले. अमेरिकेत हा दुसरा प्रश्न काही महिने आधी, वेगळ्या मतदानाने सोडवतात आणि त्याला प्रायमरी म्हणतात. आपल्याकडे प्रायमरी नसते असे सगळे समजतात. माझे म्हणणे असे की ती असते, फक्त खऱ्या निवडणुकीच्याच दिवशी होते आणि तिची किंमत मतदार मोजतो. भंडाऱ्याच्या या मतदाराने एकेकाळी दोन मते देऊन पाहिली आहेत, हे जाता जाता सांगायला हवे. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, तर राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव केला. एकाच जनतेने एकाच दिवशी एका पक्षाला नाकारले आणि स्वीकारलेही. दोन जागांचे मतदारसंघ 1961 मध्ये बंद झाले. प्रश्न मात्र दोनच्या दोन राहिले.

तिकीट कसे मिळते हे जिल्ह्यातल्या कुठल्याही इच्छुकाला पाठ असते. मुंबईला अर्ज करायचा, निरीक्षकांसमोर शक्तिप्रदर्शन करायचे, मुलाखत द्यायची, मग नागपूर, मुंबई आणि दिल्ली अशा चकरा मारायच्या. यादी येते ती बहुधा अर्ज भरण्याची मुदत संपता संपता, आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती ज्याचा एबी फॉर्म पडतो तो पक्षाचा उमेदवार. मधल्या साऱ्या प्रवासात पक्षाच्या साध्या सदस्याला कोणी काही विचारत नाही. कायदाही विचारायला सांगत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-अ प्रमाणे पक्षाची नोंदणी होते, पक्षाने राज्यघटनेशी निष्ठा जाहीर करायची असते, निवडणूक आयोग संघटनात्मक निवडणुकांचा हिशेब मागतो. पण उमेदवार कोणी आणि कसा निवडायचा यावर कायदा मौन बाळगतो. विधी आयोगाने 1999 च्या आपल्या 170 व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीचा आग्रह धरला होता. त्याला पंचवीस वर्षे उलटून गेली.

अमेरिकेतही ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. 1968 साली डेमोक्रॅटिक पक्षाने ह्युबर्ट हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली तेव्हा त्यांनी एकही प्रायमरी लढवलेली नव्हती. राज्याराज्यांतल्या पक्षनेत्यांनी प्रतिनिधी आपल्या मुठीत ठेवले होते आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे कार्यकर्ते शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या खात होते. हम्फ्री निक्सनकडून हरले. त्यानंतर नेमलेल्या समितीने नियम बदलले आणि 1972 पासून उमेदवार ठरवण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने सामान्य मतदाराकडे आला. नेत्यांनी मग 1980 च्या दशकात 'सुपरडेलिगेट' नावाची वाट काढून आपला थोडा हिस्सा परत मिळवला. हे कोणाच्याही मताने बांधलेले नसलेले प्रतिनिधी. 2008 मध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातली चुरस जूनपर्यंत लांबली तेव्हा असे प्रतिनिधी एकूण संख्येच्या जवळपास पाचवा हिस्सा होते. 2016 मध्ये बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी या प्रतिनिधींविरुद्ध इतका गदारोळ केला की 2018 मध्ये पक्षाने, लढत अटीतटीची असेल तर अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटने मत द्यायचे नाही असा नियम केला. म्हणजे हायकमांड तिथेही आहे. फरक इतकाच की तिथे हायकमांडचे माप ठरलेले आहे, ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर भांडता येते.

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप म्हणजे ती उमेदवार चुकीचे निवडते. 1972 मध्ये नव्या नियमांचा पहिला लाभार्थी जॉर्ज मॅकगव्हर्न होता, आणि तो 50 पैकी 49 राज्यांत हरला. हे खरेच आहे, आणि प्रायमरी विजयाची हमी देते असे म्हणणाऱ्याने ते नीट पचवावे. पण 2008 कडेही पाहावे. पाच-सहा महिने चाललेल्या कडवट झुंजीने पक्ष फुटेल असे भाकीत भल्याभल्यांनी केले होते. शेवटच्या प्रायमरीनंतर चार दिवसांत क्लिंटन यांनी माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला आणि नोव्हेंबरमध्ये पक्ष जिंकला. उलट 2024 मध्ये बायडेन यांच्यासमोर प्रायमरीत कोणी तगडे उभेच राहिले नाही. त्यांची दुर्बलता जूनच्या जाहीर वादसभेत उघडी पडली, 21 जुलैला ते बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांना मतदारांनी नव्हे तर प्रतिनिधींनी उमेदवार केले. त्या हरल्या. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत, पण खरी चुरस न होण्याने पक्षाला फायदा झाला असे कोणी म्हणणार नाही.

आता भंडाऱ्याकडे. पक्षनेते म्हणतील की तिकिटे आम्ही मनमानीने कापत नाही, सर्व्हे करतो. आमदार लोकांत नकोसा झाला असेल तर बदलायला नको? बदलायला हवा. परंतु तो सर्व्हे ना कार्यकर्त्याला दिसतो, ना मतदाराला. 2019 च्या तुमसरमध्ये ज्या आमदाराला पक्षाने बाद ठरवले त्याला पक्षाच्याच पसंतीच्या माणसाहून दुप्पट मते मिळाली, तेव्हा त्या सर्व्हेने काय मोजले होते हे विचारायचा अधिकार कुणाला तरी असायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये गुन्हे नोंद असलेल्या उमेदवारांच्या बाबतीत पक्षांना निवडीची कारणे जाहीर करायला लावली, आणि 'निवडून येण्याची क्षमता' एवढेच कारण चालणार नाही असे बजावले. गुन्हे नसलेल्या उमेदवाराबद्दल मात्र पक्ष कोणालाही उत्तर देत नाही.

याची दुसरी बाजू दाखवणारा एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. 2024 मध्ये वाघमारे शरद पवार गटाच्या राष्ट्रवादीकडून तुमसरला उभे राहिले आणि महायुतीच्या कारेमोरेंकडून साठ हजारांहून अधिक मतांनी हरले. मग 2019 ची ती मते कुठे गेली? ती त्यांची खासगी मालमत्ता नव्हती असेच म्हणावे लागते. त्यातली बरीच मते भाजपच्या मतदारांची होती. तिकिटाच्या निर्णयावर आपले मत नोंदवायची जागा त्यांना दुसरीकडे कुठे मिळाली नाही, म्हणून ती अपक्षाच्या खात्यात पडली. बंडखोराचा दावा फुगलेला असतो हे यातून दिसते, आणि पक्षाचा दावाही फुगलेला असतो हेही दिसते. साकोलीत 2024 ला हेच वेगळ्या रूपात घडले. निवडणुकीच्या तोंडावर राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आलेले अविनाश ब्राह्मणकर उमेदवार झाले, भाजपचे सोमदत्त करंजेकर अपक्ष उभे राहिले आणि प्रदेश काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष नाना पटोले 208 मतांनी वाचले. करंजेकरांची मते 208 च्या कितीतरी पट होती. आयात उमेदवार की निष्ठावंत, हा भाजपचा घरचा वाद होता. त्याने आमदार कोण हे ठरवले.

प्रायमरीचा प्रयोग आपल्या शेजारी होऊन गेला आहे आणि विरोधकांचा सर्वांत मोठा दाखला तोच आहे. 2014 च्या लोकसभेसाठी राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या निवडक मतदारसंघांत अंतर्गत मतदान घेतले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्याला खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे जिंकले, निवडणुकीत भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. लातूरलाही काँग्रेस हरली. वडोदऱ्यात तर मतदानाने निवडलेल्या उमेदवाराला बाजूला सारून नरेंद्र मोदींसमोर मधुसूदन मिस्त्री यांना उभे करण्यात आले. घराणेशाही मोडली नाही, विजय मिळाला नाही, मग उपयोग काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि प्रयोग गुंडाळला गेला. 2014 मध्ये काँग्रेस ज्या लाटेत बुडाली त्यात पद्धतीचा दोष शोधणे अन्यायाचे आहे. घराणेशाहीचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. वर्ध्यात मत देणारे होते ते पक्षाचे पदाधिकारी आणि निवडक प्रतिनिधी, काही शे ते हजारांच्या घरातले. पदे वाटणारा नेताच मतदार तयार करतो अशा ठिकाणी त्याच्या मुलाचा विजय हा नेमणुकीचाच दुसरा प्रकार होतो. मतदारयादी जितकी लहान तितकी ती विकत घेणे किंवा भरणे सोपे. मिस कॉलवर केलेली लाखोंची सदस्यनोंदणी उलट दिशेने निरुपयोगी, कारण तिथे विरोधी पक्षाचा माणूसही सदस्य निघेल. पक्षाकडे निदान एक वर्ष जुनी, तपासलेली आणि गावात वाचून दाखवता येईल अशी सदस्ययादी असली पाहिजे, आणि ती करण्याचे कष्ट कोणत्याच पक्षाला नको आहेत, हे खरे दुखणे आहे.

जातीचा आक्षेपही खोटा नाही. भंडारा-गोंदियात कुणबी, तेली आणि पोवार समाजांच्या संख्येची गणिते प्रत्येक उमेदवारीमागे मांडली जातात. खुल्या मतदानात मोठ्या समाजाचाच माणूस पुढे येईल, स्त्रिया आणि लहान समाज मागे पडतील, अशी भीती आहे. आजच्या पद्धतीत ते पुढे आहेत का, हे मात्र आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे. राखीव जागांवर त्या समाजाला संरक्षण कायद्याने मिळते, पक्षनेत्याच्या मर्जीने नाही, आणि प्रायमरीतही पक्ष काही जागा स्त्रियांसाठी राखून ठेवू शकतो.

सर्वांत अवघड आक्षेप आघाड्यांचा आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जागाच मित्रपक्षाला सुटली तर प्रायमरी कसली? 2004 पासून 2019 पर्यंतच्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीत, 2018 च्या पोटनिवडणुकीसह, भंडाऱ्याची जागा राष्ट्रवादीकडे होती. इतकी वर्षे इथल्या काँग्रेसच्या मतदाराला लोकसभेला पंजाचे बटण दाबायलाच मिळाले नाही. 2009 मध्ये काँग्रेस सोडून अपक्ष लढलेल्या नाना पटोलेंनी सव्वादोन लाखांहून अधिक मते घेतली, भाजपचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. प्रफुल पटेल मोठ्या फरकाने जिंकले, म्हणून आघाडीने त्या मतांचा अर्थ लावलाच नाही. पाच वर्षांनी पटोले भाजपचे उमेदवार झाले आणि त्यांनी पटेलांना दीड लाखाच्या आसपास मतांनी पाडले. राष्ट्रवादी फुटल्यावर 2024 मध्ये जागा काँग्रेसकडे आली आणि प्रशांत पडोळे 37 हजारांवर मतांनी जिंकले. जागावाटप बंद दाराआड होणारच, पण जागा कोणाला द्यायची हे ठरवताना दोन्ही पक्षांच्या स्थानिक सदस्यांचे मत मोजून टेबलावर ठेवायला काय हरकत आहे? त्याने वाटाघाट संपणार नाही. पण 2009 च्या त्या मतांसारखी गोष्ट आधी कळेल.

शेवटचा प्रश्न हरलेल्याचा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहता येत नाही. आपल्याकडे असा कायदा करावा असे मला वाटत नाही. अपक्ष उभे राहण्याचा हक्क इथे पक्षांच्या मनमानीवरचा एकच लगाम आहे, आणि पक्षांनी आधी सदस्यांना विचारायला सुरुवात केल्याशिवाय तो काढून घेणे म्हणजे भोंडेकरांसारख्यांची वाट बंद करणे. प्रयोग करायचा तर विधानसभेपासून करायचीही गरज नाही. भंडारा जिल्हा परिषदेच्या 52 जागा आहेत. एका गटात मोजकी गावे असतात, कोण कोणाच्या पक्षाचा हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते, शाळेच्या एका खोलीत रविवारी दुपारपर्यंत मतदान आटोपते. कोणत्याही एका पक्षाने त्यातल्या पाच-दहा गटांत, यादी महिनाभर आधी लावून आणि निकाल बंधनकारक ठेवून, हे करून पाहावे. शक्तिप्रदर्शनाच्या एका मिरवणुकीला लागतो त्याहून जास्त खर्च त्याला येणार नाही.