खाजगी शाळांस अनुदान आणि शहापूर-मुरबाडचा डोंगरपट्टा

प्राथमिक शिक्षणांतील खाजगी प्रयत्नांस सरकारनें द्रव्यसाहाय्य द्यावें, हें धोरण इ. स. 1854 च्या वुडच्या खलित्यापासून सुरू झालें. पुढें मुंबई इलाख्यांत परीक्षेच्या निकालावरून अनुदान ठरविण्याची पद्धति आली. वरवर पाहतां ती न्याय्य भासते. परंतु शाळा काढणाऱ्यास प्रथम गांवांत पोटापुरती फी मिळते, हें तींत गृहीत होतें.

इ. स. 1882 त हंटर आयोगास दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं याच गृहीतावर बोट ठेविलें. ज्या गरीब वर्गांत शिक्षणाची गोडी उत्पन्न झालेली नाहीं, तेथें उपजीविका चालणार नसल्यामुळें कोणी शिक्षक स्वतःच्या हिंमतीवर शाळा काढणार नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता.

उंबरमाळीच्या आसपास, शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकूर-कातकरी पाड्यांस हें विशेष लागू पडतें. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. तेथें फी राहोच, मूलहि शाळेंत टिकत नाहीं. अशा मुलखास निराळें खाजगी कार्य उपयोगी पडलें. बाळासाहेब खेरांनीं इ. स. 1940 त ठाणें जिल्ह्यांत आदिवासी सेवा मंडळ स्थापिलें. स्वातंत्र्यानंतर आश्रमशाळांच्या योजनेनें सेवाभावी संस्थांस निवास, भोजन व अध्यापन या तिहींकरितां अनुदान मिळूं लागलें. पुढें सरकारनें स्वतःच्याहि आश्रमशाळा काढल्या.

इ. स. 2009 च्या कायद्यानें विनाअनुदानित खाजगी शाळांतील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित मुलांसाठीं राखून ठेविल्या. परंतु जेथें अशी शाळाच नाहीं, त्या पाड्यास या जागांचा उपयोग नाहीं. फुले यांचा आक्षेप तेथें अद्यापि अनुत्तरित आहे.