आकाशाचे छायाचित्र: त्यात जमीन कशासाठी?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते. ही दोन वाक्ये शाळेत लहानपणीच पाठ होतात. पण एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे बघायला मिळेल का?" तर आपण टेबलावरचा पृथ्वीगोल उचलतो, हाताने फिरवून दाखवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. गोल फिरवणारा हात आपलाच असतो, हे मुलांनाही दिसत असते.

या प्रश्नाला अधिक चांगले उत्तर देण्याचे साधन आज अनेकांच्या खिशात आहे. रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घेता येईल असा कॅमेरा, निदान बऱ्यापैकी मोबाइल फोन, बहुतेक शाळांत कोणा ना कोणाकडे असतो. अशा छायाचित्रांत खाली एखादा किल्ला, देऊळ किंवा झाड दाखवण्याची पद्धत आहे. ते शोभेसाठी असते असे आपण समजतो. पण विज्ञानाच्या दृष्टीने चित्रातली जमीन ही मोजपट्टी आहे. नुसत्या ताऱ्यांच्या चित्रात काय हलले ते कळत नाही. तारे सरकले, हे सांगायला न हलणारे काहीतरी शेजारी लागते.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे?

तारे मंद असतात, म्हणून शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते. पण फार वेळ ठेवले तर ताऱ्याचा ठिपका न उमटता रेघ उमटते. मर्यादा कोठे? छायाचित्रकार एक सोपा नियम वापरतात: ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागा, म्हणजे सेकंद मिळतील. २४ मि.मी.च्या भिंगासाठी सुमारे २० सेकंद. (हे गणित फिल्मच्या जुन्या ३६ × २४ मि.मी. चौकटीचे आहे. चौकट लहान असलेल्या कॅमेऱ्यासाठी भिंगाचे 'समतुल्य' अंतर घ्यावे.)

हा ५०० चा आकडा आला कोठून, हे नववी-दहावीची मुले काढू शकतात. आकाश २४ तासांत ३६० अंश फिरते असे धरले, तर एका सेकंदात १५ विकला, म्हणजे सुमारे ०.००००७३ रेडियन. याला नाभीय अंतराने गुणले की प्रतिमा सेकंदाला किती सरकते ते मिळते. २४ मि.मी.च्या भिंगात ती सेकंदाला ०.००१७५ मि.मी. आणि २० सेकंदांत ०.०३५ मि.मी. सरकेल. फिल्मच्या काळी ०.०३ मि.मी.च्या आसपासचा ठिपका डोळ्यांना 'बिंदू' वाटतो असे मानत. नियमाचे मूळ एवढेच. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातील एकेक चित्रघटक साधारण ०.००४ ते ०.००६ मि.मी.चा असतो. म्हणून चित्र मोठे करून पाहिले तर ही रेघ दिसतेच. नेटके ठिपके हवे असतील तर ५०० ऐवजी ३०० घ्यावेत.

हा हिशेब खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांचा आहे. ध्रुवाकडे जावे तसे तारे हळू सरकतात. म्हणून मृगातील बाणाचे तीन तारे लवकर रेघाळतात आणि ध्रुवतारा बराच वेळ ठिपकाच राहतो.

जमिनीवर प्रकाश कोणाचा?

आकाशाची सोय झाली, आता जमिनीची. अमावास्येच्या रात्री समोरची इमारत काळी आकृती म्हणूनच उमटेल. मोजमापासाठी तेवढे पुरते. पण दगड, झाड, भिंत दिसायला हवी असेल तर सर्वांत चांगला दिवा म्हणजे चंद्र.

पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४ लाख पट मंद असतो. भर उन्हात आयएसओ १००, छिद्र एफ/१६ आणि वेळ १/१०० सेकंद घेतल्यास चित्र ठीक येते. तेच चांदण्यात घ्यायचे तर ४,००० सेकंद लागतील. मात्र छिद्र एफ/२.८ केले की ३२ पट जास्त प्रकाश आत येतो आणि आयएसओ १६०० केल्याने १६ पट फायदा होतो. दोन्ही मिळून ५१२ पट. ४,००० भागिले ५१२, म्हणजे जेमतेम ८ सेकंद! असे चित्र दिवसा घेतल्यासारखे दिसते, आकाशही निळे येते. नवल नाही, चांदणे हे परावर्तित ऊनच आहे.

मात्र एवढ्या उजेडात मंद तारे बुडतात. मध्यम मार्ग म्हणजे शुक्ल सप्तमी-अष्टमी. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा नव्हे, तर जवळजवळ एक दशांशच प्रकाश देतो. तो संध्याकाळी डोक्यावर किंवा दक्षिणेकडे असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. आपण पूर्वेकडे तोंड केले तर त्याचा प्रकाश पाठीमागून समोरच्या इमारतीवर पडतो, आणि तो मावळल्यावर उरलेली रात्र अंधारी मिळते.

पहिला प्रयत्न

कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा वाळूच्या पिशवीवर पक्का बसवा. फ्लॅश बंद करा. स्वयंचलित सोय काढून सर्व आकडे हाताने ठरवा: आयएसओ १६००, छिद्र जेवढे उघडेल तेवढे, वेळ २० सेकंद. एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून, तो लहानात लहान दिसेपर्यंत फोकस फिरवा. मग फोकसला हात लावू नका. असे केल्यावर २४ मि.मी. भिंग आणि एफ/२.८ छिद्र असताना सुमारे ७ मीटरपलीकडचे सर्व काही स्पष्ट येते. म्हणून समोरची वस्तू त्याहून दूर निवडावी. बटण दाबताना कॅमेरा हलतो, तेव्हा २ किंवा १० सेकंदांचा टायमर लावा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

मोबाइल वापरत असाल तर ज्यात वेळ हाताने ठरवता येते ती सोय शोधा. फोनची 'रात्र' ही सोय अनेक चित्रे जुळवून एक सुंदर चित्र बनवते. ती पाहायला चांगली, पण मोजायला नाही.

चित्र पहिले: परिवलन

आता शाळेच्या मैदानात उत्तरेकडे तोंड करा. समोर ध्वजस्तंभ आला तर उत्तम. ध्रुवतारा चौकटीच्या मध्याजवळ ठेवा. तो क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतक्याच उंचीवर असतो: पुण्यात सुमारे साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस. २४ मि.मी.चे भिंग आडवे धरल्यास पुण्यात चौकटीचा खालचा सहावा भाग जमिनीला मिळतो. २० सेकंदांची चित्रे एकामागोमाग तासभर घ्या, म्हणजे सुमारे १८० होतील. ती संगणकावर एकावर एक रचली की प्रत्येक ताऱ्याचा कंस तयार होतो. सर्व कंसांचा मध्य एकच, आणि ध्वजस्तंभ मात्र जागच्या जागी.

चित्र छापून मुलांच्या हाती कोनमापक द्या. लहान-मोठा कोणताही कंस घेतला तरी मध्याशी कोन १५ अंशांच्या आसपास येईल. तासाला १५ अंश, तर ३६० अंशांना किती तास?

येथे एक प्रामाणिक सूचना करायला हवी. आकाश फिरते की पृथ्वी, हे या चित्राने ठरत नाही. दोन्ही बाबतींत चित्र असेच येईल. पृथ्वीच फिरते याचा प्रत्यक्ष पुरावा फुको यांनी १८५१ साली पॅरिसमध्ये लांब लंबकाने दाखवला. चित्र फिरण्याचा वेग सांगते, कोण फिरते ते सांगत नाही. पुरावा कोठवर पोचतो आणि कोठे थांबतो, हे मुलांना दाखवण्याची ही चांगली संधी आहे.

चित्र दुसरे: परिभ्रमण

हा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो, आणि यात जमिनीवाचून चालतच नाही. डिसेंबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास पूर्वेकडे मृग चांगला वर आलेला असतो. शाळेच्या छपराची आडवी कड समोर येईल अशा जागी कॅमेरा लावा आणि बाणातील एक तारा कडेमागून कधी बाहेर येतो ते टिपण्यासाठी २०-२० सेकंदांची चित्रे घेत राहा. प्रत्येक चित्राबरोबर वेळेची नोंद होतेच. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोका आणि उंची मोजून ठेवा.

सात दिवसांनी त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा तेच करा. तारा त्याच कडेवर साधारण साडेसत्तावीस मिनिटे आधी येईल. सातने भागा: दररोज ३ मिनिटे ५६ सेकंद. म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची एक फेरी २४ तासांत नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. मधल्या काळात पृथ्वी सूर्याभोवती जवळजवळ एक अंश पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा समोर यायला तिला तेवढे जास्त वळावे लागते. जवळजवळ चार मिनिटांचा हा फरक म्हणजे सूर्याभोवतीच्या प्रवासाची खूण.

खुंट्यांचा आग्रह कशासाठी? छपराची कड २० मीटरवर असेल आणि कॅमेरा १० सें.मी. वर-खाली झाला, तर सुमारे ७० सेकंदांची चूक होते. मुलांना हे आधी सांगू नका, मुद्दाम उंची बदलून करून पाहू द्या.

खरे चित्र, जुळवलेले चित्र

जमीन आणि आकाश एकत्र असले की चित्राची तपासणीही करता येते. एका ठिकाणचे आकाश दुसऱ्या ठिकाणच्या किल्ल्यावर चिकटवणे आज अगदी सोपे झाले आहे. पण आकाशाचे नियम चिकटवणाऱ्याला माहीत असतातच असे नाही. धनू राशीकडील आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग महाराष्ट्रातून दक्षिणेकडेच दिसतो आणि ४०-४५ अंशांहून वर जात नाही. उत्तरेकडच्या कड्यावर तो दिसला तर चित्र जुळवलेले आहे. दुसरे उदाहरण शेतकऱ्याच्या घरचे. ७-८ जूनला 'मृग लागतो' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. तेव्हा मृग सूर्याबरोबर उगवतो आणि मावळतो. जूनच्या रात्रीचे म्हणून दाखवलेल्या चित्रात भाताच्या रोपांवर मृग चमकत असेल, तर तारीख तरी खोटी किंवा चित्र तरी.

दरवर्षी एक चित्र

गावाजवळ घेतलेल्या चित्रात क्षितिजालगतचे आकाश पांढरट-पिवळे येते. तो दिव्यांचा आकाशात विखुरलेला उजेड. तो टाळायला दूर जावे लागते. लडाखमधील हानले येथील अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र २०२२ मध्ये घोषित झाले, आणि आपल्याकडील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पण प्रत्येक शाळेला पेंचला जाता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

खुंट्या ठोकलेल्याच आहेत. दर डिसेंबरात अमावास्येजवळच्या रात्री, त्याच जागेवरून, त्याच आकड्यांनी, रात्री नऊ वाजता एक चित्र घ्या. मृगाच्या चौकोनात किती तारे मोजता येतात ते मुलांना मोजू द्या आणि आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. पाच-सहा वर्षांनी त्या आकड्यांची रांग गावातल्या आकाशाचे काय झाले ते सांगेल, आणि ती नोंद तुमच्या शाळेखेरीज दुसऱ्या कोणाकडे नसेल.