बांधावरचं चंदन

लातूर-नांदेडकडे बांधावर आपोआप उगवलेलं चंदन सहज ओळखू येत नाही, कारण पानांना आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वासच नसतो. सुगंध आतल्या गाभ्यात नि मुळांत, तोही बऱ्याच वर्षांनी भरतो. चंदन अर्धपरजीवी आहे. शेजारच्या झाडाच्या मुळांतून ते अन्नपाणी ओढतं, म्हणून लागवडीत सोबत तूर लावतात. सहाणेवर उगाळलेलं गंध, उन्हाळ्यात पंढरपूरच्या विठ्ठलाला लावली जाणारी गारेगार चंदनउटी, अत्तरं, हे सगळं त्या गाभ्याचं देणं. त्याच्याच हव्यासापायी रातोरात झाडं तोडली जातात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या प्रजाती नोंदवणाऱ्या लाल यादीत चंदन ‘असुरक्षित’ गटात आहे. याची काळी फळं खाऊन पाखरं बिया लांबवर टाकतात. असं रोप बांधावर दिसलं तर कृपया उपटू नका.