आवाज शाहिराचा, गाणं एआयचं. मग हक्क कुणाचा?

जत्रेतला पोवाडा, सप्ताहातलं भजन कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करतं आणि यूट्यूबवर टाकतं. आता एआयच्या मदतीने अशा थोड्याशा रेकॉर्डिंगवरून हुबेहूब तोच आवाज तयार करता येतो. कलावंताने कधीच न गायलेलं गाणं त्याच्या आवाजात ऐकू येतं. मग हक्क कुणाचा?

कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांना वेगवेगळं संरक्षण आहे. पारंपरिक ओवी किंवा गवळण कुणा एकाच्या मालकीची नसते. पण ती गाणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो.

अडचण पुढे आहे. नुसत्या आवाजाला कॉपीराइट नाही, आणि एआय नेमका आवाजच उचलतं. ही फट न्यायालयं 'व्यक्तिमत्त्व हक्क' मानून बुजवत आहेत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांचा आवाज एआयने वापरण्यास अंतरिम मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही असाच दिलासा मिळाला.

ही नावं अख्ख्या देशाला माहीत आहेत. तालुक्यापुरती ओळख असलेल्या कलावंताला मात्र 'हा आवाज माझाच' हे आधी पटवून द्यावं लागेल. म्हणून पुरावा हाताशी हवा.

कलावंतांनी काय करावं?

• आपल्या कार्यक्रमांची मूळ रेकॉर्डिंग तारखेसह जपून ठेवा.

• स्वतः रचलेल्या गाण्याची कॉपीराइट नोंदणी करा. ती सक्तीची नाही, रचना झाली की हक्क मिळतोच. पण वाद झाला तर कागद कामी येतो. गाण्याच्या शब्दांसाठी ५०० रुपये, रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये फी आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो.

• चॅनलवाल्याशी करार लेखीच करा. 'माझा आवाज एआयसाठी वापरायचा नाही' हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. न वाचता सही करू नका.

• बनावट गाणं दिसलं तर आधी लिंक आणि स्क्रीनशॉट जपा, मग त्या ॲपवर तक्रार करा. थांबलं नाही तर वकिलाचा सल्ला घ्या.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बिदागी घेतली ती त्या रात्रीच्या कार्यक्रमाची. त्यात आवाज विकला, असं होत नाही.