डास सगळ्यांना दिसत होता

मॅटी कुकला जाग येते ती कानाशी गुणगुणणाऱ्या डासामुळे. लॉरी हॅल्स अँडरसन यांची ‘फीव्हर १७९३’ ही किशोर कादंबरी (२०००) इथूनच सुरू होते. आजच्या वाचकाला धोका तिथेच कळतो, पण कादंबरीतल्या कोणालाच नाही. लेखिकेने चौदा वर्षांच्या नायिकेला आजचं शहाणपण उसनं दिलेलं नाही, हे या पुस्तकाचं खरं बळ.

१७९३च्या उन्हाळ्यात अमेरिकेची तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया पीतज्वराने ग्रासली. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या शहरात काही महिन्यांत सुमारे पाच हजार माणसं गेली. ज्यांना शक्य होतं ते पळाले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनही गेले. डॉ. बेंजामिन रश मात्र थांबले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, रोग्यांच्या दारात जाणारा हा धाडसी माणूस. पण धक्क्यावर कुजलेल्या कॉफीच्या दुर्गंधीने साथ पसरली, अशी त्यांची खात्री होती आणि उपचार म्हणजे पाऱ्याचा जुलाब आणि भरपूर रक्त काढणं. आधीच गळालेल्या रोग्याचं त्याने काय होत असेल!

शहराबाहेरच्या बुश हिल रुग्णालयात फ्रेंच डॉक्टर ज्याँ देवेझ वेगळ्या वाटेने गेले. तिथे भर होता स्वच्छता, विश्रांती आणि शुश्रूषेवर. मॅटीही तिथेच बरी होते. पुढे घरात मुलं तापाने फणफणतात, तेव्हा ती त्यांचं रक्त काढू देत नाही. वैद्यकातला एवढा मोठा वाद एका पोरीच्या ठाम नकारात उभा राहतो.

मॅटीची जिवाभावाची एलायझा ही स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री. तिच्यासारखे अनेक जण ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’मार्फत घरोघरी शुश्रूषा करत होते. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, असा रश यांचा समज होता. तो साफ चुकीचा ठरला. त्यांच्यातलेही शेकडो दगावले. वर मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने त्यांच्यातल्या काहींवर लुबाडणुकीचा आरोप केला. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये जमाखर्चासह पुस्तिका छापून त्याला उत्तर दिलं.

थंडी पडली, डास मेले, साथ ओसरली. डासाचा दोष सिद्ध व्हायला मात्र १९०० साल उजाडलं. क्युबात वॉल्टर रीड यांच्या पथकाने, कार्लोस फिन्ले यांच्या जुन्या तर्काच्या आधारे, तो दाखवून दिला.

इंग्रजी वाचणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावं. शेवटच्या ऐतिहासिक नोंदी मात्र त्यांना वगळू देऊ नयेत.