घरी इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकण्यासाठी हेडफोन घेताना

इथल्या अपार्टमेंटच्या भिंती पातळ, त्यामुळे रात्री स्पीकरऐवजी आम्ही हेडफोनच सुचवू. ओपन-बॅक प्रकारात आवाज मोकळा वाटतो, पण बाहेरही ऐकू येतो. शेजारी बाळ झोपले असेल तर क्लोज्ड-बॅकच बरा. या संगीतात ४० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज महत्त्वाचा, म्हणून अकिहाबाराच्या ई-इयरफोन दुकानात आपलीच गाणी नेऊन ऐकून पाहा. २५०-३०० ओहमच्या हेडफोनला बहुधा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. तो घेताना व्होल्टेज जरूर तपासा: जपानमध्ये १००, भारतात २३०. फक्त १०० व्होल्टवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर मायदेशी थेट लावलात तर जळण्याचीच भीती! आणि आवाज बेताचाच ठेवा. मोठ्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.