नाक डावीकडे, जायचं सरळ!

18 फेब्रुवारी 2022. इंग्लंडवर ‘युनिस’ नावाचं वादळ घोंघावत होतं. आइल ऑफ वाइट बेटाच्या टोकाला वाऱ्याचा एक झपाटा ताशी 196 किलोमीटर वेगाने आला. इंग्लंडमध्ये एवढा जोराचा झपाटा त्याआधी कधीच मोजला गेला नव्हता. अशा दिवशी माणसं काय करत असतील? दारं-खिडक्या लावून घरात बसली होती, ते तर झालंच. पण त्यातली कितीतरी जण लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरणारी विमानं बघत होती! धावपट्टीजवळून इंटरनेटवर थेट प्रक्षेपण चालू होतं आणि एका वेळी दोन लाखांहून जास्त लोक ते बघत होते. कारण विमानं येत होती चक्क तिरकी. धावपट्टी समोर, नाक भलतीकडेच. बघणाऱ्याला वाटावं, वाऱ्याने विमान वाकडं केलं, आता काही खरं नाही!

पण वाऱ्याने ते वाकडं केलेलं नसतंच. वैमानिकाने ते मुद्दाम तसं धरलेलं असतं. आणि तसं धरलंय म्हणूनच तर ते सरळ येत असतं.

पटत नाही? मग एक जुनं वर्तमानपत्र आणि स्केचपेन घ्या. वर्तमानपत्र जमिनीवर पसरा. धाकट्या भावाला किंवा बहिणीला सांगा, ‘कागद डावीकडून उजवीकडे हळूहळू ओढत राहा.’ तेवढ्यात तुम्ही पेन टेकवून हात आपल्यापासून समोर, अगदी फरशीच्या रेघेवरून न्या. हात जराही डावी-उजवीकडे जाता कामा नये. आता कागद उचलून बघा. हात सरळ गेला, पण कागदावरची रेघ डावीकडे झुकलेली!

फरशी म्हणजे जमीन. कागद म्हणजे हवा. पेन म्हणजे विमान. डावीकडून वारा आला की सगळी हवाच उजवीकडे सरकते, आणि तिच्यात तरंगणारं विमानही तिच्याबरोबर सरकतं. म्हणून जमिनीवरून बघताना सरळ जायचं असेल, तर हवेतून डावीकडे झुकून जावं लागतं. विमानाचं नाक त्या कागदावरच्या रेघेच्या दिशेने असतं, बस्स! वैमानिक याला ‘क्रॅब’ म्हणतात, म्हणजे खेकडा. तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे.

किती झुकायचं, याचं गणितही सोपं आहे. मोठं प्रवासी विमान उतरताना साधारण ताशी 260 किलोमीटर वेगाने येतं. आडवा वारा ताशी 55 किलोमीटरचा असेल, तर नाक सुमारे 12 अंश वळवावं लागतं. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत सरकतो तेवढंच. ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्यानेही वैमानिकाला धावपट्टी समोरच्या काचेच्या मधोमध दिसत नाही, बाजूला सरकलेली दिसते.

इथपर्यंत विमान हवेतलं. आता ते जमिनीवरचं व्हायचं आहे, आणि सगळी कसोटी इथेच लागते. चाकं नाकाच्या दिशेने असतात आणि विमान चाललेलं असतं धावपट्टीच्या दिशेने. तसंच तिरकं टेकलं तर टायर फरफटणार, चाकांच्या दांड्यांवर आडवा ताण येणार. म्हणून टेकायच्या अगदी आधी वैमानिक उजव्या पायाखालचं पेडल दाबतो. त्याने शेपटीवरचं उभं सुकाणू, म्हणजे रडर, वळतं आणि नाक धावपट्टीच्या रेषेत येतं.

संपलं? छे! नाक उजवीकडे फिरताना डावा पंख पुढे झपकन येतो. त्याच्यावरून हवा जास्त वेगाने जाते आणि तो वर उचलला जायला बघतो. त्याला खाली ठेवायला वैमानिकाचे हात उलट्या बाजूला, डावीकडे काम करत असतात. पाय उजवीकडे, हात डावीकडे! शिवाय नाक सरळ झाल्याबरोबर विमान पुन्हा वाऱ्याबरोबर वाहायला लागतं. म्हणजे वेळ मिळतो तो मोजक्या सेकंदांचा. मग वाऱ्याच्या बाजूचं चाक आधी टेकतं, दुसरं त्याच्या मागोमाग. हे दृश्य मला दर वेळी नव्याने थक्क करतं. एवढं अवजड यंत्र आणि एवढी नाजूक कामगिरी!

बी-52 या अमेरिकी बाँबफेकी विमानाने मात्र वेगळीच युक्ती केली. नाक सरळ करायच्या भानगडीत न पडता त्याची चाकंच वळवता येतात, दोन्ही बाजूंना 20 अंशांपर्यंत. नाक तिरकं, चाकं सरळ, आणि विमान धावपट्टीवरून तसंच तिरकं धावतं!

आडवा वारा कमी लागावा म्हणून धावपट्ट्याच वाऱ्याचा अंदाज घेऊन बांधतात. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला 27 आकडा लिहिलेला आहे. त्यापुढे शून्य जोडा, 270 अंश, म्हणजे पश्चिम. पावसाळी वारा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या दिवसांत विमानं बहुधा घाटकोपरच्या बाजूने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. वारा समोरून लागला तर उत्तमच. तो 30 अंश तिरका आला, तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो: ताशी 40 किलोमीटरचा वारा असेल तर आडवा 20.

कोणती धावपट्टी घ्यायची याने किती फरक पडतो, ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गला 1 मार्च 2008 रोजी दिसलं. ‘एमा’ वादळात एक एअरबस ए320 विमान 23 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होतं. टेकता टेकता झपाटा आला, विमान कलंडलं आणि डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी उतरायचा हट्ट धरला नाही. इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि विमान पुन्हा आकाशात नेलं. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. मग ते फिरून आले आणि वाऱ्याला जास्त सामोरी असलेल्या 33 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरले. विमानातल्या 137 जणांपैकी कुणालाही इजा झाली नाही. तुमच्या विमानाने कधी असा गो-अराउंड केला तर घाबरू नका. तो वैमानिकांना नीट शिकवलेला असतो, आणि फिरून यायला लागणारं इंधनही आधीच भरलेलं असतं.

पण कोणतं विमान किती आडवा वारा झेलेल, हे कुणी ठरवलं? त्यासाठी खरोखरीचा वारा लागतो, आणि तो आइसलँडच्या केफ्लाविक विमानतळावर भरपूर मिळतो. प्रचंड मोठं एअरबस ए380 नोव्हेंबर 2006 मध्ये तिथे चाचणीला नेलं होतं. केफ्लाविकच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदतात. इतर वैमानिक त्यांतली सोयीची धावपट्टी निवडतात. चाचणीचे वैमानिक मुद्दाम गैरसोयीची निवडतात, आणि वाऱ्यात पुन्हा पुन्हा उतरून बघतात. त्यांनी जेवढ्या आडव्या वाऱ्यात विमान नीट उतरवून दाखवलं, तो आकडा विमानाच्या पुस्तकात छापला जातो. ए320 साठी तो आहे 33 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 61 किलोमीटर, आणि अधूनमधून येणाऱ्या झपाट्यांसाठी 38 नॉट.